ओट्याला धरून दहा पावलं

(ओट्याच्या कडेवर टेकलेली चार बोटं. मग फरशीवर अनवाणी पावलं.)

एका पायाच्या अंगठ्यापुढे दुसऱ्याची टाच. शहाबादी फरशीच्या सांध्याची रेघ धरून आजी चालताहेत. पायाची बोटं बघा, जमीन चाचपताहेत.

“आजी, खाली नका बघू. समोर कालनिर्णयाकडे बघा.”

“त्यावर दूधवाल्याचा खाडा मांडायचा राहिलाय बाई.”

दहा पावलं झाली. वळून परत दहा.

म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून करायचा हा व्यायाम आला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनहून. तिथल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी तो १९९०च्या दशकात बसवला. ओटागो आणि ओटा हा योगायोगच, पण आधाराला स्वयंपाकघराचा ओटा तिथेही चालतो. पहिल्या चाचणीत वयाच्या ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायका होत्या. जिम नाही, यंत्रं नाहीत. फिजिओथेरपिस्ट दोन महिन्यांत चार वेळा घरी यायची; बाकी आठवड्यातून तीनदा ज्याचं त्यानं करायचं. पुढे अशा चार चाचण्यांमधल्या १,०१६ जणांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

(घोट्याला बांधलेली वजनाची पट्टी. गुडघा सावकाश सरळ होतो.)

पट्टी एक किलोची. पाय वर न्यायला जेवढा वेळ, त्याहून जास्त खाली आणायला. धपकन सोडला तर आजींना पहिल्यापासून मोजावं लागतं.

तोल कानात असतो म्हणतात. ते अर्धंच खरं. डोळे, तळपाय, सांधे, सगळेच मेंदूला खबर देत असतात. वयानुसार ती उशिरा पोचते. अशा वेळी पाऊल लटपटलं तर सावरायचं कुणी? मांडीनं आणि पोटरीनं. आणि आपण मात्र मायेनं सांगतो, “आई, तू बसून राहा.” बसून बसून तीच मांडी झिजते.

खुब्याचं हाड मोडल्यावर काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

(खुर्ची. आजी हात न टेकता उठतात. पुन्हा बसतात. पुन्हा उठतात.)

महिन्यापूर्वी यासाठी दोन्ही हात लागायचे.

आता शेवटचा प्रकार, टाचा उचलायच्या. ओट्याशी दहादा करून झाला. अकराव्यांदा मात्र आजी भिंतीशी गेल्या. कालनिर्णय जरा उंच टांगलेलं आहे.

(उचललेल्या टाचा. हातात पेन्सिल. खाडा मांडला जातो.)