माळ खुंटीला टांगल्यावर

आयोजकांनी विषय दिलाय, 'उपचारानंतर दारू पुन्हा सुरू होऊ नये म्हणून'. त्यावर मी येणारच आहे. पण आधी वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेबद्दल बोलू द्या. बेळगाव-खानापूर भागात दारू सोडायची म्हटलं की कितीतरी माणसं डॉक्टरच्या आधी बुवांकडं जातात, आणि त्यात कमीपणा वाटावा असं मला काही दिसत नाही.

माळ घातल्यावर काय होतं बघा. संध्याकाळी हरिपाठ असतो. ज्या वेळेला तलफ येते, नेमका त्याच वेळेला माणूस देवळात, हातात टाळ. उठबस बदलते. कुणी ग्लास पुढं केला तर गळ्याकडं बोट दाखवलं की विषय संपला. माळकऱ्याला आग्रह करायची सहसा कुणाची छाती होत नाही. रिकामा वेळ भरा, जुनी संगत सोडा, नकार आधीच तयार ठेवा, असं आम्ही समुपदेशक व्यसनमुक्ती केंद्रात घसा फोडून सांगतो. हे तिन्ही माळेत आपसूक येतं.

इथं बसलेल्यांपैकी यात्रेत "थोडी तरी घ्या पावणं" असं कधीच म्हटलं नाही त्यांनी हात वर करा. हसताय, पण हात फार थोडे आले. आपल्याकडं यात्रा म्हणजे मटण, आणि मटणाबरोबर बाटली हे कधी ठरलं कुणास ठाऊक. 2007 साली कर्नाटकात अरॅक ही स्वस्तातली देशी दारू बंद झाली, तिची पाकिटं गेली. यात्रेतला आग्रह काही गेला नाही. त्यात गोवा शेजारी, येताना कुणी ना कुणी बाटली आणतोच. असो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांना अण्णा म्हणूया. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. कार्तिकीला माळ घातली आणि सहा महिने थेंब नाही. वैशाखात सासुरवाडीची यात्रा आली. जावई म्हणून मानाचं ताट, मेव्हणे चारी बाजूंनी. अण्णांनी माळ काढली, खुंटीला टांगली, आणि एक घेतली. एकच, हे त्यांची बायकोही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ परत घालायला हात गेला नाही. "आता कुठल्या तोंडानं विठोबाम्होरं उभा राहू?" मग संध्याकाळी दोन, आणि आषाढीपर्यंत रोज. घरी आणलेली माळ खुंटीलाच. बायको मला म्हणाली, "रोज पुसून ठेवते ताई, धूळ बसू देत नाही."

इथं थोडं थांबा. अण्णांना यात्रेतल्या त्या एका ग्लासानं बुडवलं नाही. बुडवलं दुसऱ्या दिवशीच्या सकाळनं. 'शपथ मोडली, आता सगळंच गेलं' ह्या विचारानं. अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली हेच मांडलं: पहिला घोट ही घसरण, आणि त्यानंतरची अपराधी भावना माणसाला पुन्हा व्यसनात ढकलते. घसरण तिथंच थांबवता येते. पण आपण त्या सकाळी काय करतो? "एवढे पैसे घालून काय उपयोग झाला" म्हणतो. भाऊबंद बोलायचं सोडतात. ह्याचा मला खरोखर राग येतो. शपथ घेताना अख्खं गाव जमतं, आणि मोडल्यावर घरी जाणारा एकही माणूस नसतो.

अण्णांकडं एक जण गेला. भजनी मंडळातले म्हातारे बुवा. उपदेश नाही, काही नाही. "माळेचं मागनं बघू, आज टाळ धरायला माणूस कमी हाय, चल." अण्णा मागच्या रांगेत बसायला लागले, मग बुवांनीच त्यांना डॉक्टरकडं नेलं. मला प्रत्येक गावात असा एक माणूस आधीच ठरवलेला हवाय.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. तेव्हा भरभर सांगते.

पुन्हा पिणं पहिल्या ग्लासाच्या बरंच आधी सुरू होतं. माणूस एक स्टॉप आधी उतरायला लागतो, "चालायला बरं" म्हणतो, आणि वाटेत वाईन शॉप असतं. जेवण चुकणं, भांडण, एकटेपणा, जागरण, पगाराचा दिवस ह्या धोक्याच्या वेळा. केंद्रातून घरी आल्यावर पहिले तीन महिने संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं ते कागदावर लिहा. यात्रेला जायचंच असेल तर जेवून दुपारीच परत या, सोबत न पिणारा माणूस न्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्याच्या मीटिंगला बसा. घसरलात तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा ते नाव आजच ठरवा.

औषधांचं: तलफ कमी करणारी औषधं आहेत, पण ती डॉक्टरच्याच सल्ल्यानं. दारू सुटावी म्हणून देतात ती डायसल्फिराम ही गोळी आमटीत चोरून घालू नका, हात जोडते. त्यावर दारू प्याली तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. त्याला दवाखान्यातच न्या. आणि हेरॉइनसारख्या नशेतून सुटलेल्या पोराला जपा. शरीराची सवय गेलेली असते, पूर्वीचाच डोस घेतला तर तो जिवावर बेततो.

धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस 14416, दोन्ही मोफत. मागं बसलेल्या बायकांनी कार्यक्रमानंतर थांबा, वाचनालयाच्या आतल्या खोलीत मी तासभर आहे. घरात कोण पितं ते चारचौघांत सांगावं लागणार नाही.