मोती, रुपये आणि तेलाचा चेक

(दृश्य: उन्हाळ्यातला समुद्र. लाकडी होडीच्या काठावरून पाण्यात उतरलेले दोर.)

पायाला दगड. नाकाला चिमटा, कासवाच्या कवचाचा. गळ्यात शिंपल्यांसाठी जाळीची टोपली. एक श्वास घ्यायचा आणि दगडाच्या वजनाने तळाशी जायचं. वर होडीवर एक जण दोर धरून उभा. खालून झटका आला की त्याने ओढायचं. झटका ओळखायला उशीर झाला, तर वर काय येईल ते सांगायला नको.

कुवेतची कमाई कित्येक पिढ्या अशी वर यायची. उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांचे. होडीच्या कप्तानाला म्हणत नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच, शब्द एकच, फक्त किनारा वेगळा. हंगामाआधी नाखुदा बुडी मारणाऱ्याला उचल द्यायचा. उचल कधी फिटायची नाही. बाप गेला की ती मुलाच्या अंगावर. ऊसतोडीची गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

(दृश्य: लाल कापडावर ओतलेले मोती.)

लाल कापडावर मोती निवडले जायचे आणि मग निघायचे मुंबईला. मुंबई ही या मोत्यांची मोठी बाजारपेठ. कुवेतच्या बड्या घराण्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. परतीच्या गलबतात तांदूळ, चहा, कापड; आणि मलबारचं सागवान, ज्यातून पुढची गलबतं बांधायची. साहजिकच कुवेतच्या बाजारात चालायचा तो आपला रुपया. अगदी १९६१ पर्यंत.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या गावात सत्ता शेखाकडे होती, पण पैसा व्यापाऱ्यांकडे. शेखाचा खर्च चालायचा तो त्यांनी भरलेल्या जकातीवर आणि होड्यांवरच्या करावर. १९१० च्या सुमारास शेख मुबारक यांनी कर वाढवले. मोत्यांचे काही बडे व्यापारी काहीएक न बोलता होड्या आणि माणसं घेऊन बहारीनला निघून गेले. मुबारक हा काही मऊ माणूस नव्हता. दोन भावांना मारून गादीवर बसलेला. तरी त्याला माणसं पाठवून या व्यापाऱ्यांची मनधरणी करावी लागली. ज्याची मालमत्ता पाण्यावर तरंगते, त्याला शिडं उभारायला कितीसा वेळ लागतो?

१९१२ चं साल कुवेतमध्ये ‘तफहा’ म्हणून लक्षात राहिलं, म्हणजे मोती उतू गेले ते वर्ष. त्यानंतर उतरण. जपानने शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, १९२९ च्या मंदीने युरोप-अमेरिकेतली गिऱ्हाइकं गेली, आणि शेजारच्या सौदी राज्याच्या इब्न सौदने वाळवंटातला व्यापार अडवून धरला. होड्या किनाऱ्यावर वाळत पडल्या.

(दृश्य: जुना करार. सह्या, शिक्का.)

२३ डिसेंबर १९३४. शेख अहमद यांनी एका ब्रिटिश-अमेरिकन कंपनीला ७५ वर्षांसाठी तेल शोधायचा हक्क दिला. सहीनंतर मिळाले ४,७५,००० रुपये. हो, रुपये. पुढे तेल निघालंच, तर टनाला ३ रुपये. अरबस्तानच्या वाळूतल्या तेलाचा भाव रुपयांत लिहिलेला हा कागद पाहिला की मला दर वेळी गंमत वाटते.

२२ फेब्रुवारी १९३८ ला बुर्गानच्या विहिरीतून तेल उसळलं. आणि त्याच वर्षीच्या जुलैत व्यापाऱ्यांनी शेखाला निवडून आलेली परिषद मान्य करायला लावली. निवडून म्हणजे काय, तर शे-दीडशे घराण्यांच्या प्रमुखांनी १४ जण निवडले. गावच्या बहुतेकांना त्यात जागा नव्हती. बुडी मारणाऱ्याला तर नव्हतीच. पण परिषदेने सपाट्याने कामं केली, जकातीचा हिशेब मागितला, शाळा उघडल्या. मग तिने एक पाऊल पुढे टाकलं: तेल कंपनीचा येणारा चेक आमच्या हाती द्या.

तेलाचा एक थेंबही अजून परदेशी गेला नव्हता. हा चेक नुसत्या हक्काच्या ठरलेल्या पैशांचा. पण तो कुणाच्या खिशात जातो, यावर पुढची शंभर वर्षं ठरणार आहेत, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. डिसेंबरमध्ये शेखाने परिषद बरखास्त केली. सहा महिन्यांत खेळ आटोपला. मार्च १९३९ मध्ये गोळ्या चालल्या, काही पुढारी तुरुंगात गेले, काही इराकला पळाले.

(दृश्य: चांदीचं चाक फिरवणारा हात.)

महायुद्धामुळे विहिरी बुजवून ठेवल्या होत्या. ३० जून १९४६ ला शेख अहमद यांनी चांदीचं चाक फिरवलं आणि पहिलं तेल जहाजात गेलं. त्या दिवसापासून शेखाला कुणाचीच मनधरणी करायची गरज उरली नाही. तेलाची विहीर काही रुसून बहारीनला जात नाही.

१९५० मध्ये गादीवर आले अब्दुल्ला अल-सालिम. गंमत म्हणजे, १९३८ च्या त्या परिषदेचे अध्यक्ष हेच होते. त्यांनी पैसा वाटला, आणि हुशारीने वाटला. जुन्या शहरातल्या जमिनी सरकारने बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने विकत घेतल्या. व्यापारी गबर झाले. बाकीच्यांना शाळा, दवाखाना, घर, सरकारी नोकरी. प्राप्तिकर नाही. व्यापाऱ्यांनी दरबार सोडला, दुकान राखलं. १९२० मध्ये हल्ल्याच्या भीतीने गावकऱ्यांनी राबून बांधलेली मातीची तटबंदी १९५७ मध्ये पाडली. वेशी तेवढ्या ठेवल्या.

मग या राजाने संसद का दिली? माझं उत्तर असं: १९ जून १९६१ ला कुवेत स्वतंत्र झाला आणि आठवडाही उलटला नाही तोच इराकचा पंतप्रधान कासिम याने ‘कुवेत आमचाच’ म्हणून दावा ठोकला. अशा वेळी पाठीशी माणसं लागतात. नुसता पैसा पुरत नाही. १९६२ ची राज्यघटना, १९६३ ची निवडणूक, ५० जागा. मत फक्त पुरुषांना.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलमंत्री जमले तेही कुवेतमध्येच. उत्पादन कमी करायचं ठरलं, भाव चढले आणि पैशाचा पूर आला. १९७६ मध्ये कुवेतने उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी बाजूला टाकायचा कायदा केला. त्याच वर्षी चालू पिढीची संसद बंद केली.

(दृश्य: भिंतीलगत बैठका. मधे कॉफीचं भांडं.)

संसद बंद होते, दिवानिया बंद होत नाही. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. आपल्या दिवाणखान्याची चुलतबहीण म्हणा. संसद १९८१ मध्ये परतली आणि १९८६ मध्ये पुन्हा गेली, तेव्हा १९८९ च्या अखेरीस दर सोमवारी एकेका दिवानियात लोक जमू लागले. मागणी एकच: संसद परत द्या. पोलिसांनी वेढे घातले. अश्रुधुरापर्यंत गोष्ट गेली.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य आलं. जळत्या विहिरींची ती चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अम्मानहून विमानांनी परत आणलेले पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयही आठवत असतील. राजघराणं परागंदा असताना लोकांनी आश्वासन वसूल केलं, आणि १९९२ मध्ये संसद परतली. २००५ मध्ये बायकांना मत मिळालं. २००९ मध्ये चार जणी निवडून आल्या, एकदम चार.

आणि १० मे २०२४. अमीर, म्हणजे कुवेतचे शासक, मिशाल यांनी संसद बरखास्त केली, घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. त्यानंतर हजारोंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं आहे. नागरिक असणं म्हणजेच तेलात वाटा असणं. तेव्हा यादीतून नाव गेलं की काय काय जातं, याचा अंदाज बांधा.

(दृश्य: पुन्हा तीच बैठक. कॅमेरा बसलेल्यांवरून हळूच दाराकडे.)

दिवानियात आजही कॉफी फिरते. पुरे झाली की कप किंचित हलवायचा, तोंडाने नाही म्हणायची पद्धत नाही. कप भरणारा बहुतेक वेळा परदेशी असतो. देशात तीन माणसांमागे दोन परदेशी, त्यात भारतीय सर्वांत जास्त, दहा लाखांच्या घरात. तो कप भरतो, हललेला कप ओळखतो, रिकामे कप गोळा करतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो.