काचेचा आवाज, बर्फाचं गाणं

मंडळी, विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे. एमिली सिमों या फ्रेंच गायिकेची कारकीर्द, आणि यंत्रावर केलेलं संगीत निर्जीव असतं का, हा प्रश्न. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण आधी एका सिनेमाबद्दल बोलू द्या, कारण ती गोष्ट कित्येक वर्षं मला सलते आहे.

2005 साली आलेला पेंग्विनचा सिनेमा किती जणांनी पाहिलाय? हात वर करा बरं. बघा, जवळजवळ सगळेच! निवेदन करणाऱ्या मॉर्गन फ्रीमन या अमेरिकी नटाचा तो भारदस्त आवाज आठवतोय ना? आता सांगा, त्यातली एमिलीची गाणी आठवतात का? नाही आठवणार. ती तुमच्या कानावर पडलेलीच नाहीत.

हा सिनेमा मुळात फ्रेंच. ल्यूक झाके यांचा, ‘ला मार्श द लांपरर’, म्हणजे सम्राटाची वाटचाल. मूळ सिनेमात बाहेरून कुणी निवेदन करत नाही. पेंग्विन बाप, आई आणि पिल्लू स्वतःच बोलतात. आणि संगीत एमिलीचं. तेव्हा ती 26 वर्षांची होती. सिनेमा अमेरिकेत गेला तेव्हा त्याला निवेदक मिळाला. ते मी समजू शकतो, तिथल्या प्रेक्षकाला तेच सोयीचं. पण संगीतही काढून टाकलं! ॲलेक्स वुर्मन यांच्याकडून नवं करून घेतलं. वुर्मन यांचं काम चांगलं आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की एमिलीची ती गाणी इंग्रजीतच होती. भाषेची अडचणसुद्धा नव्हती. सिनेमानं अमेरिकेत सात कोटी डॉलरांहून जास्त कमावले, 2006 मध्ये ऑस्कर मिळवलं, आणि तिचा सूर मात्र बाहेरच राहिला.

मी आधी इंग्रजी सिनेमाच पाहिला होता. पुढे फ्रान्सहून येणाऱ्या एका मित्रानं मूळ डीव्हीडी आणली. माझी भाची तेव्हा सहा वर्षांची, ती शेजारी बसली होती. पायांवर अंडं धरून, दोन महिने पोटात काही नसताना, हजारो बाप एकमेकांना चिकटून वादळात उभे आहेत, ते दृश्य आलं. मला वाटलं, आता वाद्यवृंद दणाणणार. तर एक बारीक, जवळजवळ कुजबुजणारा आवाज आला, आणि त्याच्यामागे काहीतरी थरथरत होतं. भाचीनं विचारलं, “मामा, हा पेंग्विन गातोय का?” मी हो म्हणालो. आजही हेच उत्तर देईन.

ते थरथरणारं काय होतं, तेही सांगतो. या संगीतात क्रिस्ताल बाशे नावाचं वाद्य आहे. बाशे बंधूंनी 1952 मध्ये ते घडवलं. काचेच्या कांड्या असतात, ओल्या बोटांनी घासायच्या. कंप धातूच्या पत्र्यांपर्यंत पोचतो आणि मोठा होतो. आपला जलतरंग आठवा. तिथे पाणी भांड्यात आणि काडीनं टोला. इथे पाणी बोटावर आणि टोला नाहीच, नुसता घासत नेलेला स्वर. त्यामुळे त्याला सुरुवात कुठे झाली ते कळत नाही, धुक्यासारखा येतो. लहानपणी आपण सगळ्यांनी ग्लासच्या कडेवरून ओलं बोट फिरवून पाहिलंय, आणि आईचा धपाटाही खाल्लाय. तोच हा आवाज.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. मग मुद्द्यावर येतो.

एमिली माँपेलिएची. वडील ध्वनिमुद्रणातले, त्यामुळे स्टुडिओ तिला घरासारखा. गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, मग पॅरिसला इर्काममध्ये शिकली. संगीतकार पियेर बूलेझ यांनी उभारलेली ही ध्वनी आणि संगीताच्या संशोधनाची संस्था पाँपिदू या कलाकेंद्राशेजारी, बरीचशी जमिनीखाली आहे. 2003 मध्ये पहिला अल्बम आला. ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ हा फ्रान्समधला मोठा संगीत पुरस्कार तिला तीनदा मिळाला: 2004 मध्ये त्या अल्बमला, 2006 मध्ये पेंग्विनच्या संगीताला, 2007 मध्ये ‘वेझेताल’ या अल्बमला. ‘वेझेताल’ म्हणजे वनस्पती. त्यात तिनं पाण्याचे, झाडापानांचे आवाज घेऊन त्यांचेच ताल बांधले.

मैफलीत ती डाव्या हातावर एक उपकरण चढवते. सिरिल ब्रिसो यांनी ते तिच्यासाठी बनवलं. गाताना स्वतःचाच आवाज पकडायचा आणि हातानं तो तिथल्या तिथे वाकवायचा, तुकडे करायचे. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढतो, ते डोळ्यासमोर आणा. त्याला कुणी निर्जीव म्हणतं का? माझं म्हणणं एवढंच की यंत्र आणि कलाकार यांच्यात हात किती उरलाय ते बघा. एमिलीच्या संगीतात तो हात सतत ऐकू येतो.

तिचा न्यूयॉर्कचा मुक्काम आणि 2009 चा ‘द बिग मशीन’ हा अल्बम मला सोडावा लागतोय. त्याच वर्षी तिचा जोडीदार वारला. 2011 चा ‘फ्रँकी नाइट’ हा अल्बम त्याच्यासाठी आहे. त्यावर वेगळं बोलायला हवं, दोन मिनिटांत नाही.

प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. उरलेला वेळ मला तिला द्यायचाय. मागचे दिवे जरा बंद करा. वादळाचं गाणं लावतो, मूळ सिनेमातलं.