ओला रस्ता, निऑनचा उजेड आणि आपली गाडी

[दृश्य: अंधारं गॅरेज. मधोमध संथ गोल फिरणारी गाडी. मेनू सरकल्याचा टिक टिक आवाज.]

शर्यत सुरू व्हायला एकच बटण दाबायचं बाकी आहे. पण ते दाबलं जात नाही. आधी मागचा स्पॉयलर, म्हणजे डिकीवरचा पंख, ठरवायचाय. एक लावून पाहिला, जरा उंच वाटला. दुसरा लावला, तो अगदीच चपटा. परत पहिला. मग चाकाची रिम. १७ इंची बरी की १८? १८ इंची लावली की चाक कमानीत भरून दिसतं, पण मग गाडी थोडी खाली घ्यायला हवी. गाडी खाली घेतली, तर आता पुढचा बंपर जुनाट वाटायला लागला. बघता बघता तास उलटला आणि शर्यत एकही झालेली नाही.

गाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलेत, त्यांना हा तास चांगला ओळखीचा आहे. रेसिंग गेम म्हटलं की लोकांना वेग आठवतो. माझं मत विचाराल तर स्ट्रीट रेसिंगच्या खेळांचा जीव गॅरेजमध्ये असतो. शर्यत जिंकायची, कारण पुढचा बंपर घ्यायला पैसे लागतात.

[दृश्य: रात्रीचा महामार्ग, पिवळे दिवे, दूरवर लाल टेललाइट.]

याची मुळं शोधायला जपानमध्ये जावं लागतं. १९८९ च्या सुमाराला तिथल्या मोटार कंपन्यांनी आपापसात एक अलिखित समझोता केला. कुठल्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या, म्हणजे साधारण तेवढ्याच अश्वशक्तीच्या, वर जाहीर करायची नाही. त्याच वर्षी निसानने नवी स्कायलाइन जीटी-आर आणली. २.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन, त्यात हवा दाबून भरणारे दोन टर्बो. कागदावर ताकद बरोब्बर २८०. पण त्या इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक याहून कितीतरी जास्त जोर सोसणारा होता. टर्बो बदला, इंधनाचं गणित नव्याने बसवा, की आत दडलेली ताकद बाहेर येते. कंपनीने जिथे हात आखडता घेतला, तिथून पुढे ट्यूनरचं, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्या कारागिराचं, काम सुरू व्हायचं. हा समझोता २००४ पर्यंत टिकला. तोवर गाडी कंपनीकडून घ्यायची आणि पुरी आपण करायची, ही रीत चांगलीच मुरली होती.

जपानी गेम बनवणाऱ्यांनी हे फार आधी हेरलं. गेंकी या कंपनीची 'शुतोको बॅटल' ही मालिका १९९४ पासूनची. जपानबाहेर पुढे ती 'टोकियो एक्स्ट्रीम रेसर' म्हणून ओळखली गेली. शुतोको म्हणजे टोकियोचा शहरी द्रुतगती मार्ग. रात्री त्या रस्त्यावर आपण नुसते फिरत असतो. पुढे एखादी गाडी दिसते, तिचा ढंग वेगळा, बसण्याची उंची वेगळी. तिच्या मागे जायचं आणि हेडलाइट मारायचे. हेच आव्हान. १९९९ साली ड्रीमकास्ट या गेम-यंत्रावर आलेल्या खेळात दोन्ही गाड्यांच्या नावापुढे एकेक पट्टी दिसायची. जो मागे पडेल त्याची पट्टी झिजत जायची आणि ती संपली की तो हरला. अंतिम रेषा नाही, प्रेक्षक नाहीत. समोरच्याची हिंमत कुठे संपते, एवढंच बघायचं. इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना या प्रकारात नंतर फारशी कुणाला सुचली नाही, असं मला आजही वाटतं. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये ही मालिका परतली, तेव्हाही हेडलाइट मारूनच भिडायची पद्धत कायम होती.

[दृश्य: ओल्या डांबरावर उमटलेले निळे-हिरवे दिवे.]

नोव्हेंबर २००३. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड' बाजारात आणते. तो घडवला कॅनडातल्या ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओने. मालिका तेव्हा नऊ वर्षांची होती. १९९४ च्या पहिल्या खेळात लॅम्बोर्गिनी डियाब्लो, फेरारी, पोर्शे अशा भिंतीवर पोस्टर लावून बघाव्यात अशा गाड्या होत्या. मधल्या एखाद्या भागात सुटे भाग बदलायची सोय होतीही, पण फेरारीला कोण कशाला हात लावेल?

अंडरग्राउंडमध्ये गाड्या होत्या होंडा सिव्हिक, फोक्सवॅगन गोल्फ, प्यूजो २०६, फोर्ड फोकस, डॉज निऑन. कुठल्याही पार्किंगमध्ये दिसणाऱ्या. सुरुवातीची गाडी हातात यायची ती अगदी मुकी, कंपनीने दिली तशी. आणि नेमकी म्हणूनच ती आपली व्हायची. बंपर, बाजूचे स्कर्ट, बॉनेट, छतावरचा स्कूप, सायलेन्सर, काचांचा रंग, गाडीच्या पोटाखालचं निऑन. विनाइलचे, म्हणजे चिकटवायच्या नक्षीचे, पट्टे एकावर एक चढवायचे. साध्या गाडीवर घेतलेली मेहनत उठून दिसते, आणि ते या खेळाने बरोबर ओळखलं होतं.

सगळा खेळ रात्रीचा. रस्ता कायम ओला, पाऊस पडो वा न पडो. असं का, हे एकदा गाडी चालवली की कळतं. कोरडं डांबर उजेड गिळतं, ओलं डांबर तो परत करतं. पोटाखाली लावलेलं जांभळं निऑन रस्त्यावर गाडीच्या जोडीने धावायचं. आपण निवडलेला रंग सगळ्या शहरावर पडल्यासारखा वाटायचा.

आणि ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत. यात स्टीयरिंग जवळपास काढूनच घेतलेलं असतं. डावी लेन की उजवी, एवढंच आपल्या हातात. बाकी सगळा जीव आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या, काट्यात. सुरुवातीला तो काटा हिरव्या पट्ट्यात धरून ठेवायचा, सिग्नल मिळताच सोडायचा. मग दुसरा गिअर, तिसरा. हिरवा दिवा लागला की त्याच क्षणी टाकायचा. जरा लवकर टाकला तर पिकअप मरतो. उशीर झाला, काटा लालमध्ये रेंगाळला, की इंजिन बसलं. शर्यत तिथेच खलास. त्यात मध्येच आडवी येणारी एखादी गाडी. मोजून अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण तेवढ्यात हाताला घाम फुटायचा.

[दृश्य: शहराचा नकाशा. रंगीत दिव्यांनी उजळलेली दुकानांची दारं.]

वर्षभरातच, २००४ मध्ये, 'अंडरग्राउंड २' आला. या वेळी बेव्ह्यू नावाचं अख्खं शहर मोकळं होतं. गॅरेजसुद्धा मेनूतून उठून रस्त्यावर आलं. रंगाचं दुकान वेगळं, बॉडी किटचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. काही दुकानं नकाशावर दिसायचीच नाहीत. रात्री गल्लीबोळ हिंडताना कुठेतरी भिंतीवर रंगीत उजेड पडलेला दिसायचा, तिकडे वळायचं, की नवं दुकान सापडलं. गाडीची दारं कात्रीसारखी वर उघडता यायची, डिकीत स्पीकरची रांग बसवता यायची. डिकीतल्या स्पीकरने गाडी पळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्यांनी बसवले.

अधूनमधून निरोप यायचा, की अमुक ठिकाणी फोटोग्राफर थांबलाय, वेळेत पोहोचा. पोहोचलं की कॅमेऱ्याचा कोन आपण ठरवायचा आणि आपली गाडी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकायची. पहिला नंबर आल्याचा आनंद एकीकडे आणि हे मुखपृष्ठ एकीकडे. मला विचाराल तर मुखपृष्ठ जड.

दिखाव्यापलीकडेही बरंच होतं. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी चढवायची आणि ताकदीचा आलेख बघायचा. टर्बोचा दाब कुठल्या आरपीएमला किती, ते ठरवायचं. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं, प्रमाण आखूड केलं तर गाडी झटक्यात उठते, पण लांब सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये दम संपतो. लांब केलं तर उलटं. ड्रॅगसाठी एक गणित, वळणांसाठी दुसरं. गिअरबॉक्स कसा चालतो हे पुस्तक न उघडता इथे शिकलेली माणसं खूप आहेत, आणि ते शिकणं पक्कं आहे.

याच वाटेने सर्वात खोल गेला तो हंगेरीच्या इन्व्हिक्टस स्टुडिओचा 'स्ट्रीट लीगल रेसिंग: रेडलाइन', २००३ चा. त्यात इंजिन सुट्या भागांतून जोडायचं. पिस्टन, क्रँकशाफ्ट, सगळं एकेक करून. खेळात चुका भरपूर होत्या, मध्येच बंद पडायचा. तरी त्याला जपणारे चाहते आजही आहेत.

[दृश्य: ऊन. निळ्या-चंदेरी पट्ट्यांची गाडी, मागे पोलिसांची रांग.]

'नीड फॉर स्पीड'चाच २००५ चा 'मोस्ट वाँटेड' मात्र माझ्या म्हणण्याला छेद देतो. तो दिवसाउजेडी घडतो. निऑन गेलं, सजावटीला कात्री लागली. आणि या मालिकेतली सर्वांत लाडकी गाडी त्याच खेळातली आहे, बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर. ती खेळाडूने घडवलेली नाही, तयारच मिळते. पण मिळते ती काढून घेण्यासाठी. सुरुवातीलाच दगाफटका होतो, गाडी रेझर नावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते आणि आपण साध्या गाडीवर येतो. मग ब्लॅकलिस्ट या अव्वल रेसरांच्या यादीतल्या १५ जणांना एकेक करून हरवत वर चढायचं, अखेर रेझरपर्यंत. या चढणीत जी साधी गाडी आपण घासूनपुसून वर आणतो, तिच्याविषयी मात्र कुणी फारसं बोलत नाही. मला ती जास्त आठवते.

पुढच्या वर्षीच्या 'कार्बन'ने बंपरचा आकारच मातीसारखा ओढून-दाबून बदलायची सोय दिली. २०१२ मध्ये त्याच 'मोस्ट वाँटेड' नावाने दुसरा खेळ आला, तेव्हा उलटं टोक गाठलं गेलं. गाड्या शहरात जागोजागी उभ्या, बसायचं आणि निघायचं. रंग बदलायचा तर दुरुस्तीच्या शेडमधून गाडी काढायची, जो लागेल तो रंग आपला. खेळ वेगवान होता, सफाईदार होता. पण कुठलीच गाडी आपली नव्हती, आणि हे लोकांना बोचलं. २०१५ मध्ये आलेल्या याच मालिकेतल्या खेळात रात्र परत आली, गॅरेजही. २०१९ च्या 'हीट'मध्ये तर सायलेन्सरचा आवाजसुद्धा कानाला पटेपर्यंत जुळवता येऊ लागला.

खऱ्या रस्त्यावरची शर्यत माणसं मारते, त्यात बऱ्याचदा ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही अशीही असतात. म्हणून ही रात्र पडद्यावर असणं मला मोलाचं वाटतं. तिथे इंजिन बसलं तर फक्त शर्यत जाते.

[दृश्य: धूळ बसलेली डिस्क. तळहातावर मावणारं मेमरी कार्ड.]

आता एक गोष्ट जीवाला लागते. या खेळांतल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या, त्यामुळे नाव आणि आकार वापरायचे करार असतात. करारांना मुदत असते. 'फोर्झा होरायझन ४' हा दुसऱ्या मालिकेतला शर्यतीचा खेळ १५ डिसेंबर २०२४ ला अशाच कारणाने विक्रीतून उतरवला गेला. अंडरग्राउंडचे दोन्ही भाग आज डिजिटल दुकानांत विकत मिळत नाहीत. जुनी डिस्क जपून ठेवलेल्यांचंच आज भागतं. आजच्या रुंद पडद्यावर हे खेळ नीट दिसावेत म्हणून चाहत्यांनी स्वतः कोड लिहिलाय, विनामोबदला.

प्लेस्टेशन २ चं मेमरी कार्ड ८ एमबीचं. त्यात साठवलेली आपली गाडी म्हणजे खरं तर गाडी नसतेच. तिथे असते ती एक यादी. बंपर कितवा, रिम कुठली, रंगाचे आकडे कोणते, विनाइल कुठल्या क्रमाने. पत्रा, काच, उजेड, ओला रस्ता, सगळं त्या डिस्कवर. डिस्क नसेल तर ती यादी नुसती आकड्यांची. डिस्क घातली, कार्ड लावलं, थोडा वेळ पडदा काळा राहिला, आणि मग बघा: तीच १८ इंची रिम, तोच किंचित उंच वाटलेला स्पॉयलर, शेवटी तसाच ठेवलेला.