बिनलोडाचं व्होल्टेज

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'रेसर' म्हणून करून दिली. आधी तेवढी दुरुस्ती करतो. रेसच्या गाडीत मी फारसा बसलेलो नाही, तिच्याखाली मात्र भरपूर झोपलेलो आहे. जालन्यात पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं. आणि रेस म्हटलं की आपल्याकडं लोकांना बैलांचा शंकरपटच आठवतो. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली तेव्हा गावोगाव गुलाल उडाला. बैलाला अल्टरनेटर नसतो, हा त्या खेळाचा मोठा फायदा. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या रेसकारमधील चार्जिंगचे दोष व त्यांचे निदान'. चार्जिंग म्हणजे इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी भरतो ते. त्यावर येतोच. आधी सांगा, इथं बोअर किती जणांच्या आहेत? अरे वा, सगळ्यांच्याच. मोटार बंद असताना पॅनलवरचा काटा किती दाखवतो? चारशे, चारशे दहा. आणि बटण दाबलं की? तीनशेच्या खाली, मोटार नुसती गुरगुरते, उठंना. मग आपण काय करतो? मोटार वर ओढतो आणि वायंडिंगवाल्याकडं नेतो. शहाणा वायरमन आधी डीपीवरचा जोड बघतो, फ्यूज बघतो, केबलला हात लावून गरम झालीय का ते बघतो. जोड सैल असला तरी लोड नसताना काटा चारशेच दाखवणार. बिनलोडाचं व्होल्टेज म्हणजे मुलगी बघायला आलेला नवरदेव. त्या दिवशी सगळं चांगलंच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बोअरवर जी अक्कल आपण वापरतो, ती गाडीचं बोनेट उघडलं की कुठं जाते? मी हे दुसऱ्यांना म्हणत नाही. माझीच गोष्ट सांगतो.

माझ्याकडं एक प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे आपली जुनी फियाटच. 1089 सीसीचं इंजिन, आतून सगळी सोललेली, एकच सीट. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी फियाट पळायच्या हे खरं. माझीही तिथं पळाली होती असं विकणारा म्हणाला. विकणारा काहीही म्हणतो. आधीच्या मालकानं तिचा डायनामो, म्हणजे चार्जिंगचं जुनं यंत्र, आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआऊट काढून अल्टरनेटर बसवला होता. वजन मागं जावं म्हणून बॅटरी डिक्कीत नेली होती. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा आणि पेट्रोलला इलेक्ट्रिक पंप लावला होता. आम्ही ती वर्षातून दोनदा मोकळ्या माळावर प्लास्टिकचे कोन मांडून पळवतो. चालवतो माझा भाचा.

पहिल्या वर्षी काय झालं? दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीत इंजिन खोकायला लागलं आणि गाडी उभी. सेल्फ मारला तर नुसतं 'खट्'. भाचा म्हणाला, "मामा, बॅटरी मरायलीय." बॅटरी बदलली. पुढच्या खेपेला तेच. मग एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानातून अल्टरनेटर आणला. त्यांनी टेबलावर फिरवून दाखवला, 14.2 व्होल्ट. मी खूश. टेबलावर ना पंखा, ना पंप, ना डिक्कीपर्यंतची तार. बिनलोडाचा नवरदेव! आणि पस्तीस वर्षांचा हा इलेक्ट्रिशियन त्याला मुलगी देऊन मोकळा.

तोही अल्टरनेटर 'गेला'. म्हणजे गेला नव्हता, घालवला. माळावर एक मिस्त्री आले, वयानं मोठे, त्यामुळं बोलता येईना. त्यांनी चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपसलं. "इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे चार्जिंग आहे!" मंडळी, ही परीक्षा डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर क्षणात जळू शकतात. आमचे जळले. पण तपासणी बघा कशी यशस्वी झाली! इंजिन चालूच होतं. आपल्या देशात या एका परीक्षेनं जेवढे अल्टरनेटर मारले, तेवढे पाण्यानं, धुळीनं मारले नसतील. हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही.

हिशेब झाला तीन अल्टरनेटर आणि दोन बॅटऱ्या. आमच्या घरून विचारणा झाली, "एवढ्यात दुसरा बोअर पडला असता की नाही?"

मग एके रात्री, लाइट गेलेली, आमचे एक जुने वायरमन दोस्त चहाला आले. खेड्यातल्या डीपीवर आयुष्य गेलेला माणूस. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. मला म्हणाले, "काय करायलाव? अर्थ बघितली का?" अर्थ म्हणजे बॅटरीच्या मायनसची गाडीच्या पत्र्यातून जाणारी वाट. मी म्हटलं, बघितली, मीटर ओहम, म्हणजे अडथळा, शून्य दाखवतोय. ते म्हणाले, "लोडवर बघितली का?" मग गाडी चालू केली, रेस थोडी वाढवली, पंखा, पंप, हेडलाइट, सगळं लावलं. मीटरचा एक टोक डिक्कीतल्या बॅटरीच्या मायनसला, दुसरा अल्टरनेटरच्या अंगाला. तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे. आले 1.2 व्होल्ट. प्लसच्या बाजूला आणखी 0.3. अल्टरनेटर बिचारा 14.2 देत होता आणि बॅटरीला पोचत होते 12.7. दीड व्होल्ट रस्त्यात खाल्ले. अनुदानासारखं. (हशा)

अर्थच्या तारेच्या टोकाची कडी, म्हणजे थिंबल, काढली. खाली पत्र्यावर पिवळाधमक रंग. बोल्टाच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता. मीटरच्या ओहमला एवढी वाट पुरते, पंचवीस अँपिअरला पुरत नाही. सेल्फ 'खट्' करून का बसायचा, तेही कळलं. त्याला तर शंभराच्या वर अँपिअर लागतात. आता तो रंग कुणी मारला होता? मीच. गाडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, हौसेनं, डिक्कीच्या आतून सुद्धा. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, थिंबल नवी लावली, आणि बॅटरीपासून इंजिनच्या अंगापर्यंत वेगळी जाड तार टाकली. वेळ लागला चाळीस मिनिटं. खर्च विचारू नका, लाज वाटते.

तरी एक भानगड उरली. गाडी चालू केली की चार्जिंग नाही, एकदा जोरात रेस दिली की येतं. भाचा म्हणाला, "रेसचीच गाडी आहे मामा, रेस मागणारच." दोष डॅशबोर्डात होता. चार्जिंगचा लाल दिवा फक्त शोभेचा नसतो. अशा जुन्या अल्टरनेटरमध्ये त्या दिव्यातून जाणारा करंटच फील्डला, म्हणजे आतल्या गुंडाळीला, पहिली चुंबकशक्ती देतो. 2.2 वॅटचा बल्ब असेल तर साधारण 0.18 अँपिअर. आमच्या गाडीत कुणीतरी तिथं सुंदर एलईडी बसवला होता, तो देणार 0.02. त्यावर अल्टरनेटर जागाच होईना. जुना बल्ब लावला, संपलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. पाच मिनिटांत पत्रिकेवरचा विषय! असो, पोरांनो, लिहून घ्या, भराभर सांगतो.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 पाहिजे. 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. आधी चार्जरवर लावा, मेलेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नाही. मग बेल्ट, अंगठ्यानं दाबून सेंटिमीटरभर लवला पाहिजे, आणि काचेसारखा चमकत असेल तर घसरतोय. रेसच्या गाडीत अल्टरनेटर फार पळू नये म्हणून त्याची पुली मोठी टाकतात, त्यामुळं आयडलला चार्जिंग कमी दिसतं. तो दोष नव्हे.

मग दोन हजार आरपीएमवर, सगळं लोड लावून, बॅटरीवर मोजा. 13.8 ते 14.4 ठीक. मे महिन्यात परभणीच्या उन्हात 13.6 आले तर घाबरू नका, बरेच रेग्युलेटर गरम झाले की मुद्दाम कमी देतात. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळेल. कमी आलं तर अल्टरनेटरला हात लावायच्या आधी मी सांगितलेले दोन ड्रॉप, म्हणजे रस्त्यात खाल्ले जाणारे व्होल्ट, मोजा, प्लसकडचा आणि अर्थकडचा. प्रत्येकी 0.2 च्या आसपास चालतं, त्याच्या वर गेलं तर तार आणि थिंबल बघा. ड्रॉप ठीक आणि तरी व्होल्टेज कमी, तेव्हाच अल्टरनेटर खोला. मीटर एसीवर करून बॅटरीवर अर्धा व्होल्टच्या वर दिसला तर डायोड गेलाय. मीटर नसेल तर सकाळी थंड गाडीच्या अल्टरनेटरवर हात ठेवा. कोमट लागला तर डायोड रात्रभर बॅटरी पितोय.

किल स्विच, म्हणजे अडचणीत गाडी झटक्यात बंद करायचा स्विच, राहिला. नुसती बॅटरी तोडणारा दोन टोकांचा स्विच रेसच्या गाडीत घालू नका. अल्टरनेटर इग्निशनला करंट देतच राहतो, इंजिन बंद होत नाही, आणि वर टर्मिनल उपसल्यासारखा तोच झटका. इग्निशनही तोडणारा आणि अल्टरनेटरचा करंट रेझिस्टरमधून अर्थला नेणारा जास्त टोकांचा स्विच मिळतो, तो घाला. त्याचं कनेक्शन काढून दाखवणार होतो, पण फळ्यावर अजून सत्काराचीच नावं आहेत.

आणि हा माईक मघापासून घूं करतोय, त्याचीही अर्थिंग कुणीतरी बघा. पद्मिनी बाहेर लिंबाखाली उभी आहे, बोनेट उघडं ठेवलंय, मीटर सीटवर आहे. चहा घेऊन या आणि मोजून बघा. फक्त इंजिन चालू असताना टर्मिनलला कुणी हात लावला, तर चौथ्या अल्टरनेटरचे पैसे त्याच्याकडून.