थंडी वाढलीय: नगरपालिकेकडून काय मागायचं, आपण काय करायचं

नमस्कार मंडळी. निफाडचा पारा घसरला की बातम्यांमध्ये द्राक्षबागांतल्या शेकोट्या दाखवतात. मला आज गावातल्या शेकोट्यांबद्दल बोलायचंय. येवला, सिन्नर, मनमाड, आपल्याकडचं कुठलंही नगरपालिकेचं गाव घ्या. रात्री दहानंतर बसस्टँडच्या मागे, बाजार समितीच्या गेटपाशी चारपाच माणसं शेकत बसलेली दिसतात. जरा जवळ जाऊन बघा काय जळतंय ते. टायरचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, जुन्या चपला. लाकूड विकत घेण्याची ऐपत नसते, म्हणून जे हाताला लागेल ते टाकतात. आणि त्यातली काही माणसं रात्रभर तिथेच झोपणार असतात.

आता ऐका, कारण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बेघरांसाठी निवारा उभारणं हे शहराचं काम आहे. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये ९ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. त्यानंतर २०१३मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यात लिहिलं होतं की, शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल असा कायमचा निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी, आणि तो बाराही महिने चालू हवा. तुमच्या गावात असं केंद्र आहे का? असलं तर कुठे? नगरपालिकेत जाऊन विचारा. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला तो पत्ता कुणी सांगितलेलाच नसतो. आपण सांगायचा, शक्य असेल तर त्याला रिक्षात बसवून तिथे सोडायचं.

गाव लहान असेल, केंद्र नसेल, तरी गप्प बसू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या: थंडीचे दोन महिने एखादं समाजमंदिर किंवा शाळेची खोली रात्री उघडी ठेवा. प्रभागातल्या दहा जणांच्या सह्या घ्या आणि आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. आणि रस्त्यावर कुणी थंडीने अंग आखडून, बोलायला अडखळत पडलेलं दिसलं, तर आधी १०८ला फोन करा. अंगावर कोरडं पांघरूण घाला. दारू पाजू नका. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीर उलट लवकर गार पडतं.

[पडद्यावर: रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१]

घरातही एक काळजी घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही. गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर आधी पाणी काढून घ्या, गीझर बंद करा आणि मग आंघोळीला जा. खिडकीच्या फटीत थंडी लागते म्हणून गोणपाट कोंबलेलं असतं, ते काढा.

आता धूर. पावसाळ्याआधी पेटवलेला कचरा आणि डिसेंबरात पेटवलेला कचरा यांत फरक आहे. थंडीत रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूर वर जातच नाही, सकाळी नऊ-दहापर्यंत गल्लीतच फिरतो. दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ, पहाटे झाडू मारणारे सफाई कामगार, सगळे तोच श्वास घेतात. उघड्यावर कचरा जाळणं बेकायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये त्यासाठी ५ हजार रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार.

पण जानेवारीत पानगळ सुरू झाली की झाडून गोळा केलेल्या पानांचे ढीग सर्रास पेटतात. यात मला कामगारांना दोष द्यावासा वाटत नाही. ढीग उचलायला गाडीच येत नसेल तर त्यांनी करायचं काय? स्वच्छता निरीक्षकांना भेटा आणि पाल्यासाठी आठवड्यातून एक फेरी मागा. सोसायटीत जागा असेल तर खड्डा करा, पाल्यावर शेणकाला शिंपडत राहा, ओल टिकवा. पावसाळ्यापर्यंत बऱ्यापैकी खत होतं. पाला घंटागाडीत देणार असाल तर त्यात गुटख्याच्या पुड्या जाऊ देऊ नका.

दोन कामं झटपट सांगतो. डांबरीकरण होतं ते याच कोरड्या दिवसांत. तुम्हाला नवीन नळजोडणी किंवा ड्रेनेज जोडणी हवी असेल तर रस्ता होण्याआधी अर्ज करा. नवा कोरा रस्ता आठवड्यात फोडलेला बघून जीव तळमळतो, आणि हे टाळता येतं. दुसरं, मालमत्ता कर. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. मार्चच्या रांगेची वाट बघू नका.

आणि संक्रांत. येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या फिरतात, हलकडी हे वाद्य वाजतं. हा सण मला मनापासून आवडतो. म्हणूनच सांगतो, नायलॉन मांजा घेऊ नका. हरित लवादाची देशभर बंदी २०१७पासून आहे. तो कुजत नाही, झाडात अडकून राहतो आणि पाखरं महिनोन्महिने त्यात सापडतात. दुकानात दिसला तर पोलिसांना किंवा नगरपालिकेला कळवा. रस्त्यावर पडलेला दिसला तर गुंडाळून, बारीक कापून सुक्या कचऱ्यात टाका. विजेच्या तारेवरचा पतंग काठीने ओढू नका, वीज तक्रारीच्या १९१२ला फोन करा.

दुचाकीवर निघताना गळ्याला जाड मफलर गुंडाळा, वेग कमी ठेवा. लहान मुलाला पुढे उभं करून गाडी चालवू नका, आडवा आलेला मांजा आधी त्याच्या गळ्याला लागतो. त्याला मागे, दोघांच्या मध्ये बसवा.