वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी घरात कुणी वाकडं बोललं की आजी हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "असं बोलू नये बाळा, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो." दिवेलागणीला तर फार जपायची. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य आपापल्या घरात ऐकलं असेल. आज मी नव्या घराच्या वास्तुशांतीच्या तयारीबद्दल बोलणार आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते आजीच्या त्या वाक्यापाशीच येऊन थांबतं. ज्या दिवशी आपण वास्तुपुरुषाला घरात बसवतो, त्या दिवशी तरी घरात कुणाचा आवाज चढू नये. सगळी तयारी करायची ती त्यासाठी.

हे मी अनुभवानं सांगते आहे. पुण्यात आमचं दोन बेडरूमचं घर झालं, चौथ्या मजल्यावर. वास्तुशांतीला सातारकडची मंडळी पहाटेच टेम्पोनं येऊन पोचली. चहा झाला, एकामागून एक अंघोळी झाल्या, आणि बाथरूममधलं पाणी जाईना. थोड्या वेळानं ते जाळीतून उलट वर यायला लागलं आणि पॅसेजमध्ये पसरलं. फरशी बसवताना धुऊन सोडलेलं सिमेंट खालच्या ट्रॅपमध्ये घट्ट बसलं होतं. इकडे आम्ही दोघं संकल्प सोडून पाटावर बसलेलो, उठता येत नाही. धाकटे दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्यानं पाणी लोटत होते. मी पाटावरूनच सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले, "कालच बघून ठेवायला काय झालं होतं?" सासूबाई मागून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आज नको गं." एवढंच. दीर त्या दिवशी शेवटच्या पंगतीला जेवले. चुकी त्यांची नव्हती. घर माझं होतं, बघायचं मी होतं.

म्हणून आधी पाणी. आठ दिवस अगोदर घरी जा आणि प्रत्येक बाथरूममध्ये लागोपाठ पाच-सहा बादल्या पाणी ओता. सगळे नळ एकदम सोडून अर्धा तास थांबा. संडासाच्या टाक्या भरतात का, कड्या आतून लागतात आणि बाहेरून उघडतात का, बघा. सोसायटीत पाणी किती वाजता येतं आणि वरच्या टाकीत केव्हा चढतं, हे वॉचमनला विचारून ठेवा. सकाळच्या दोन तासांत वीस-पंचवीस माणसांच्या अंघोळी आणि वर स्वयंपाकाचं पाणी, हा भार नव्या घरानं कधी पाहिलेलाच नसतो.

आता तारखेचं. आपण पंचांग आधी उघडतो, पण त्याच्याही आधी बिल्डरकडे भोगवटा प्रमाणपत्र मागा, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला. ते मिळवून आपल्याला देणं ही बिल्डरचीच जबाबदारी आहे, २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात, तसं लिहिलेलं आहे. तो कागद नसताना नुसत्या किल्लीच्या भरवशावर पत्रिका छापू नका. मग मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण मुहूर्त, दिवाळीचा पाडवा अर्धा. या साडेतीन दिवशी गुरुजींना चार ठिकाणची आमंत्रणं असतात, आचारी मिळत नाहीत आणि निम्म्या पाहुण्यांना दुसरीकडेही जायचं असतं. साधा शुभ दिवस असलेला एखादा रविवार घ्या. पाहुणे निवांत येतील आणि गुरुजीही घड्याळ न बघता सांगतील. अगदी साडेतीन मुहूर्तांतलाच दिवस हवा असेल, तर त्या दिवशी कलश घेऊन गृहप्रवेश करा, दूध उतू घाला, आणि वास्तुशांत पुढे सवडीनं. आमच्या नात्यात दोघा-तिघांनी असंच केलं, कुणाचं काही अडलं नाही.

वास्तुशांतीचा विधी चार-पाच तास चालतो. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, नवग्रह, वास्तुमंडल, होम, बलिदान म्हणजे देवतांना अन्नाचा नैवेद्य, आणि शेवटी पूर्णाहुती. मत्स्यपुराणात याची कथा आहे. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक प्रचंड भूत निर्माण झालं. ते सगळं गिळायला निघालं, तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पालथं पाडून दाबून धरलं आणि ज्यानं जो भाग धरला तिथेच तो वस्तीला राहिला. तो वास्तुपुरुष. घर बांधलं की पहिला घास त्याचा, असं देवांनी त्याला कबूल केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जमिनीवर आपण भिंती उभ्या करतो, तेव्हा तिथे आधीपासून असलेल्याला आधी जेवायला घालायचं, ही तिच्यातली माणुसकी आहे.

त्या वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. फ्लॅटमध्ये नेमकी इथेच अडचण होते. सगळी फरशी चकचकीत बसवून झालेली असते आणि आदल्या दिवशी कुणालातरी आठवतं. मग छिन्नी-हातोडा, धूळ, शेजारच्या दोन फरशांचे उडालेले कोपरे. फरशीवाल्याला आधीच सांगा, आग्नेयेची एक फरशी मोकळी ठेव, खाली चार बोटं खोल जागा सोड. त्यात प्रतिमा, पंचरत्न, सप्तधान्य, दहीभात, शेवाळ जातं आणि फरशी वरून बसते. गुरुजींच्या यादीत या शेवाळाचं नाव असतं आणि ते दुकानात हमखास मिळेल असं नाही. आमच्या गावाकडे विहिरीच्या काठावरून आणतात. शहरात असाल तर गावाहून येणाऱ्या कुणाला आठवणीनं सांगून ठेवा. वास्तूभोवती सूत गुंडाळतात, पाण्याची आणि दुधाची धार धरतात, ते फ्लॅटमध्ये आतूनच भिंतींच्या कडेनं करतात. त्या वेळी भिंतीला लागून सामान नसलं म्हणजे झालं.

होमकुंडाखाली विटा मांडा आणि त्यावर वाळूचा जाड थर द्या. नाहीतर नवी फरशी तापून तडकते. सोसायटीत धुराचा अलार्म असेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये दम्याचं कुणी असेल तर स्वतः जाऊन सांगा. चिठ्ठी नको, जाऊन सांगा. पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या दारासमोर आपलं दार असणार आहे. गॅसची जोडणी अजून झालेली नसेल तर दूध उतू घालायला छोटी शेगडी हवी. पातेलं लहान घ्या आणि काठोकाठ भरा. मोठ्या पातेल्यात लिटरभर दूध घालून अर्धा तास वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

जेवणावळीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आवाज चढतात ते जास्त करून तिथे. आपण यादी करतो ती नात्याप्रमाणे. यादी करावी घराच्या भिंतींप्रमाणे. समजा हॉल दहा बाय पंधराचा आहे. मांडी घालून बसायला माणसाला दोन फूट जागा लागते. पंधरा फुटांच्या भिंतीला सात पानं, समोरासमोर दोन रांगा म्हणजे चौदा. एक पंगत उठून, जागा पुसून दुसरी बसेपर्यंत पाऊण तास. ऐंशी माणसं असतील तर सहा पंगती, म्हणजे साडेबाराला पहिली बसली तर शेवटची उठायला पाच वाजणार. आणि शेवटच्या पंगतीला कोण असतं? घरच्या बायका, वाढणारी पोरं, आणि पहाटेपासून उपाशी असलेले यजमान. त्यांचा राग त्यांचा नसतो, भुकेचा असतो.

हे गणित घरी बसून एकदा मांडलं की निर्णय सोपे होतात. एक तर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मांडव घालून जेवणं तिकडे न्यायची. त्यासाठी सोसायटीच्या समितीला आठ दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. किंवा मग माणसं वाटून बोलवायची. विधीला आणि जेवायला घरचे आणि जवळचे पंचवीस-तीस, ऑफिसचे आणि सोसायटीतले संध्याकाळी तीर्थप्रसादाला, बायकांना हळदीकुंकवाला. संध्याकाळी सत्यनारायण असेल तर प्रसादाचा शिरा सव्वा किलो रव्याचा करा. तेवढीच साखर, तेवढंच तूप, दूध आणि केळी. शंभरेक माणसांच्या हातावर प्रसाद पडतो. दुपारच्या पानाला साधं वरणभात-तूप, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठा एवढं भरपूर झालं. पंधरा पदार्थ ठेवले तर प्रत्येक जण तीन टाकतो आणि वाढणारा धावत राहतो. जुनीजाणती माणसं जमिनीवर बसू शकत नाहीत, त्यांच्यासाठी दहा खुर्च्या आणि दोन टेबलं वेगळी ठेवा, आणि त्यांना पहिल्या घासासाठी थांबवू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे वडील पूर्णाहुतीपर्यंत उपाशी बसवायचे नसतात. गुरुजींना आधी विचारलं तर ते स्वतःच दूध-फळाला मोकळीक देतात.

आता पहिल्या पंगतीबद्दल. ही गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गावाकडे वास्तुशांतीला गवंडी आणि सुताराचा मान असतो. टॉवेल-टोपी, नारळ, आणि पंगतीत जागा. फ्लॅट घेतला की ती माणसं आपल्याला दिसतच नाहीत. इमारत बांधणारे दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. पण आपल्या घरात फरशी बसवणारा, ओटा करणारा, वायरिंग ओढणारा, रंग देणारा, त्यांचे फोन नंबर आपल्याकडे असतात. जिना झाडणाऱ्या मावशी आणि रात्रीचा वॉचमन तर रोज समोर असतात. त्यांना बोलवा आणि पहिल्या पंगतीला बसवा. रोजावर काम करणारा माणूस दुपारी तीनपर्यंत थांबला तर त्याचा दिवस बुडतो. ‘सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही या’ असं त्यांना सांगू नका.

आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅप मोकळा करायला प्लंबर आला होता. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी त्याला हात धुवायला साबण दिला आणि आपल्या शेजारच्या पानावर बसवलं. तो संकोचानं भिंतीला टेकून, अंग चोरून बसला होता. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं त्याला दुसऱ्यांदा जिलेबी वाढली. त्या दिवसाचे आमच्याकडे दीडशे फोटो आहेत. त्यांत हा एक नाही, आणि मला तोच हवा होता.

वास्तुशांत हा एका धर्माचा विधी झाला. बौद्ध कुटुंबांत बुद्धवंदना आणि परित्राणपाठ होतो, मुस्लिम घरांत कुराणखानी, ख्रिस्ती घरांत फादर येऊन घराला आशीर्वाद देतात. मंत्र वेगळे, पण नळ, फरशी, पंगती आणि दमलेली माणसं सगळीकडे तीच.

आहेराचं थोडक्यात. नको असेल तर पत्रिकेत स्पष्ट लिहा आणि माहेरच्यांना वेगळं फोन करून सांगा, कारण माहेरचं माणूस पत्रिकेतलं ऐकत नाही. त्यांना काही आणायचंच असेल तर तुळशीचं रोप मागा. आईनं आणलेली तुळस आमच्या बाल्कनीत अजून आहे. त्या रोपाच्या मंजिऱ्यांतून पुढे किती रोपं झाली, याचा हिशोब मी ठेवला नाही.

कामांची वाटणी मात्र कागदावर करा आणि प्रत्येक कामासमोर एकच नाव लिहा. चपला-बूट आणि लिफ्टजवळ थांबून पाहुण्यांना वर आणणं एका भाच्याकडे. पिण्याचं पाणी एकाकडे. गुरुजींना लागेल ते हातात देणं एका जावेकडे, आणि तिला दुसरं काहीही सांगायचं नाही. आचाऱ्याशी बोलणारा माणूस एकच असावा. यजमान पती-पत्नीच्या नावासमोर काहीच लिहू नका. त्यांनी पाटावर बसायचं, उठल्यावर आलेल्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचे, घर फिरून दाखवायचं. कुणी भिंतीच्या रंगाबद्दल काही बोललं तर हसून ऐकायचं.

आणि रात्री घर बंद करून जुन्या घरी झोपायला जाऊ नका. वास्तुशांत झालेलं घर त्या रात्री रिकामं ठेवत नाहीत. सामान यायचं असलं तरी दोन गाद्या, चार चादरी, पिण्याच्या पाण्याची एक कळशी, काडेपेटी आणि रात्रभर तेवेल एवढं समईचं तेल आधीच आणून ठेवा. सकाळच्या चहासाठी साखर, चहा पावडर आणि एक गाळणं. आमच्याकडे त्या रात्री धाकटे दीरच थांबले होते. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर त्यांनी चहा ठेवला होता. मी म्हटलं, "काल मी फार बोलले." त्यांनी पहिला कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "वहिनी, साखर बरोबर झालीय का बघा."

नमस्कार.